प्राथमिक वर्गातल्या मराठी मुलांना फ्रेंच शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या अनेक शाळांमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांना आठवड्यातून एक-दोन तासिका फ्रेंच शिकवले जाते. हे काम ज्यांच्याकडे येते ते शिक्षक बहुधा आलियाँस फ्राँसेज किंवा पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मोठ्या वयात, पुस्तक आणि व्याकरण यांच्या आधाराने ही भाषा शिकलेले असतात. त्यामुळे लहान मुलांची तुकडी हाती आली की मुळाक्षरे, 'एत्र' आणि 'आव्वार' या क्रियापदांची रूपे, मग शब्दार्थ आणि गाळलेल्या जागा या आपल्याच वाटेने मुलांना नेण्याचा मोह त्यांना होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही वाट उपयोगाची नाही. या वयात कान अतिशय तीक्ष्ण असतो, नक्कल करायची लाज नसते आणि नियम समजून घेण्याची गरजही वाटत नाही, म्हणून आधी ऐकणे आणि बोलणे आणि बऱ्याच उशिरा वाचणे-लिहिणे हाच क्रम धरावा, असे माझे ठाम मत आहे. दुसरे मत तितकेच ठाम आहे. मराठी बोलणाऱ्या मुलाला फ्रेंचपर्यंत नेताना इंग्रजीपेक्षा मराठीचा आधार कितीतरी जवळचा असतो, आणि तो वापरायला शिक्षकाने संकोच करू नये.

(या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत ते केवळ शिक्षकांच्या सोयीसाठी. हे उच्चार अंदाजे आहेत, आणि मुलांच्या वहीत किंवा फळ्यावर असे लिहू नये, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलेला चुकीचा उच्चार कानाने ऐकलेल्या बरोबर उच्चारावर मात करतो.)

जून महिन्यात, वर्ग सुरू होण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे शाळेची या विषयाकडून नेमकी काय अपेक्षा आहे, हे मुख्याध्यापकांशी बोलून स्पष्ट करून घ्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात फ्रेंच, जर्मन, जपानी यांसारख्या परदेशी भाषांचा उल्लेख माध्यमिक स्तरावर येतो, म्हणजेच प्राथमिक वर्गातले फ्रेंच हा बहुतेक ठिकाणी शाळेने स्वतःहून घेतलेला विषय असतो आणि त्यावर मंडळाच्या परीक्षेचे ओझे नसते. ही मोकळीक मोलाची आहे. तिचा फायदा घेऊन सहामाहीला लेखी पेपरऐवजी तोंडी मूल्यमापन ठेवण्याची परवानगी जूनमध्येच मागावी, कारण ऑक्टोबरमध्ये लेखी परीक्षा आहे असे ठरले की जुलैपासूनच वर्ग वहीकडे वळतो आणि बोलणे मागे पडते.

तासिका किती मिनिटांची आणि आठवड्यातल्या कोणत्या वारी, याकडेही लक्ष द्यावे. लागोपाठच्या दोन तासिका एकाच दिवशी मिळण्यापेक्षा तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका दोन वेगळ्या दिवशी मिळाल्या तर लहान मुलांना शब्द टिकवायला सोपे जाते. साहित्य फार लागत नाही. जाड पुठ्ठ्याची चित्रकार्डे, एक मऊ चेंडू, हातात घालायची एखादी बाहुली, छोटा स्पीकर आणि हाताचा आरसा एवढे पुरते. आरसा कशासाठी ते पुढे येईलच. ध्वनिफितींसाठी टीव्ही५माँद ही फ्रेंच दूरचित्रवाहिनी आणि आरएफआय हे फ्रेंच रेडिओ केंद्र यांच्या संकेतस्थळांवर शिकणाऱ्यांसाठी बरेच साहित्य मोफत मिळते. ते मुख्यतः मोठ्यांसाठी असले तरी शिक्षकाने स्वतःचा कान ताजा ठेवायला रोज थोडे ऐकावे.

पहिले आठवडे: फक्त ऐकणे आणि करणे

पहिल्या तासिकेला मुलांकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नये. जेम्स अॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत इथे फार उपयोगी पडते. शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि स्वतः ती कृती करून दाखवायची, मुलांनी अंगाने उत्तर द्यायचे, आणि तोंडाने बोलणे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. 'ल्वे-वू' म्हटले की उभे राहायचे, 'आसेये-वू' म्हटले की बसायचे, 'एकूते' म्हटले की कानाला हात, 'रगार्दे' म्हटले की डोळ्यांकडे बोट. चार-पाच आज्ञा पक्क्या झाल्या की शिक्षकाने कृती करणे थांबवावे आणि केवळ आवाजावर मुले चालतात का ते पाहावे. त्यानंतर 'जाक आ दी' हा फ्रान्समधल्या मुलांचा खेळ घ्यावा, ज्यात 'जाकने सांगितले' हे शब्द आधी आले तरच आज्ञा पाळायची असते. या खेळात वर्गातले सगळ्यात दंगेखोर मूलही कान टवकारून ऐकते.

एक शिस्त शिक्षकाने स्वतःला लावून घ्यावी. प्रत्येक आज्ञेमागोमाग मराठीत किंवा इंग्रजीत भाषांतर सांगू नये. भाषांतर येणारच आहे हे मुलांना कळले की ती फ्रेंच वाक्याकडे कानाडोळा करून पुढच्या वाक्याची वाट पाहतात. मराठीचा आधार घ्यावा असे वर म्हटले आहे त्याचा अर्थ दर वाक्याला अनुवाद करावा असा नाही. खेळाचे नियम, शिस्त, एखाद्या रडणाऱ्या मुलाची समजूत आणि भाषेविषयीची तुलना, एवढ्यासाठी मराठी ठेवावी.

तासिकेची सुरुवात रोज एकाच रिवाजाने करावी. फ्रान्समधल्या प्राथमिक शाळांतही सकाळी वार, तारीख, हवामान आणि हजेरी असा ठरलेला क्रम असतो. आपल्याकडे जून-जुलैत 'इल प्लो', म्हणजे पाऊस पडतो आहे, हे वाक्य जवळजवळ रोज खरे ठरते, आणि खिडकीबाहेर पाहून खरे बोललेले वाक्य चित्र पाहून बोललेल्या वाक्यापेक्षा पक्के बसते. हजेरीला 'प्रेजाँ' म्हणावे, मुलींनी 'प्रेजाँत'. मुलगा आणि मुलगी यांचे शब्द वेगळे ऐकू येतात ही गोष्ट तिथेच, कोणताही नियम न सांगता, मुलांच्या कानावर पडते.

उच्चार: मराठी मुलाच्या जमेच्या बाजू

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या शिक्षकांचे सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते. फ्रेंचमधले त आणि द हे दातांना जीभ लावून म्हटले जातात, आपल्या त आणि द प्रमाणेच. प, त, क यांच्यानंतर इंग्रजीत येतो तसा हवेचा झोत फ्रेंचमध्ये येत नाही, आणि मराठीतही येत नाही. म्हणजे मूल मराठीच्या जिभेने बोलले तर बरेचसे व्यंजन आपोआप बरोबर येतात. ते 'ताब्ल'चे 'टेबल' करते तेव्हा दोष इंग्रजी वाचनाच्या सवयीचा असतो. शिक्षकाने फक्त 'आपला मराठी त म्हण' असे सांगावे, आणि काम होते.

अडणारे ध्वनी मोजके आहेत. 'त्यू' (म्हणजे तू) यातला स्वर काढण्यासाठी मुलांना लांब 'ई' म्हणायला लावावे आणि जीभ जागची न हलवता ओठ शिटी वाजवताना करतो तसे गोल करायला सांगावे. आरसा समोर धरला की मुले हे हौसेने करतात. 'जूर' (दिवस), 'जोन' (पिवळा) यांतला पहिला ध्वनी आपल्या ज सारखाही नाही आणि झ सारखाही नाही. तो मिळवायचा तर वर्गाला गप्प करताना करतो तसा लांब 'श्श्श' म्हणवून घ्यावा, मुलांना गळ्यावर हात ठेवायला सांगावे आणि तोच आवाज गळ्यात कंप आणून म्हणायला लावावा. हाताला थरथर जाणवली की ध्वनी सापडला. हीच युक्ती 'स्स्स'वरून 'जेरो'च्या पहिल्या ध्वनीकडे नेताना चालते. घशातला र मात्र आग्रहाने शिकवू नये. गुळणी करताना येतो तसा हलका आवाज शिक्षकाच्या तोंडी सतत असला की मुले हळूहळू तो उचलतात, आणि नाही उचलला तरी आपल्या र ने बोललेले फ्रेंच समजते.

नासिक्य स्वरांसाठी हिंदीतले 'हाँ' आणि 'माँ' फार कामी येतात. मराठी 'आंबा' म्हणताना अनुस्वाराच्या जागी आपले ओठ मिटतात, म्हणून मूल 'बों'चे (म्हणजे चांगला) 'बोन' किंवा 'बोम' करते. 'मामाँ', म्हणजे आई, या शब्दापासून सुरुवात करावी आणि शब्द संपताना तोंड उघडेच आहे ना, हे आरशात पाहायला सांगावे. त्यानंतर तीन चित्रे घ्यावीत. पाव म्हणजे 'पँ', पूल म्हणजे 'पों' आणि मोर म्हणजे 'पाँ'. या तीन शब्दांत फक्त नासिक्य स्वराचा फरक आहे. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून, ओठ न दाखवता, एक शब्द म्हणावा आणि मुलांनी बरोबर चित्र वर करावे. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग गोंधळतो. रोज दोन मिनिटे हे केले तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलांना तिन्ही वेगळे ऐकू येऊ लागतात, आणि जे ऐकू येते ते पुढे बोलताही येते.

आता यांतला पाव मुलांना आधी लिहून दाखवला तर काय होईल याचा विचार करावा. इंग्रजी वाचणारे मूल ती चार अक्षरे पाहून 'पेन' म्हणेल. सहाचा आकडा 'सीस' असा ऐकलेला नसेल तर ते 'सिक्स' वाचेल. द्राक्षांना फ्रेंचमध्ये 'रेजँ' म्हणतात आणि त्याचे स्पेलिंग इंग्रजीतल्या मनुक्यांच्या शब्दाचेच आहे. वही उशिरा उघडावी या आग्रहामागचे कारण हे आहे. पहिली-दुसरीतले मूल तर देवनागरी आणि रोमन या दोन लिप्यांशीच अजून झगडत असते. त्यात तिसऱ्या भाषेची स्पेलिंगची वेगळी पद्धत घालणे त्याच्यावर अन्याय आहे.

शब्दांपासून संवादाकडे

प्राणी, रंग, फळे, कपडे अशा याद्या पाठ करून घेणे सोपे असते आणि पालकांना ते दिसतेही, पण केवळ याद्या येणारे मूल फ्रेंच बोलत नाही. प्रत्येक शब्दगटाला एक काम जोडावे. एक तासिका जवळून पाहू. तिसरीचा वर्ग, विषय फळे. पहिली पाच मिनिटे नेहमीचा रिवाज. पुढची आठ मिनिटे टोपलीतून एकेक खरे फळ बाहेर काढायचे, वास घ्यायचा, नाव म्हणायचे: 'युन माँग', 'युन बानान', 'युन ओराँज'. आंबा मोसमात नसेल तर चित्र चालेल. मग टोपलीवर रुमाल टाकून एक फळ लपवायचे आणि कोणते गेले ते विचारायचे. त्यानंतर बाकांची मंडई करायची. चार मुले विक्रेती, बाकीची गिऱ्हाईके, प्रत्येकाकडे कागदाची नाणी. गिऱ्हाईकाने 'बोंजूर मादाम' म्हणून सुरुवात करायची, 'ज वूद्रे युन माँग, सिल वू प्ले' असे मागायचे, 'से कोंब्यँ?' असे किंमत विचारायचे आणि 'मेर्सी, ओ रव्वार' म्हणून निघायचे. शेवटची तीन-चार मिनिटे शांततेसाठी, एखादे छोटे पारंपरिक बालगीत किंवा डोळे मिटून शब्द ऐकणे. मंडई चालू असताना शिक्षकाने चुका दुरुस्त करत फिरू नये. कानावर पडलेल्या चुका लक्षात ठेवाव्यात आणि पुढच्या तासिकेच्या सुरुवातीला बरोबर वाक्य सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्यावे.

या संवादातले 'बोंजूर' आणि 'सिल वू प्ले' गाळू देऊ नये. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना अभिवादन न करता थेट मागणी करणे उद्धटपणाचे समजले जाते, आणि ही रीत शब्दांबरोबरच शिकवायची असते.

'त्यू' आणि 'वू' यांतला फरक इंग्रजीतून समजावताना शिक्षकांची दमछाक होते. मराठी मुलाला तू आणि तुम्ही एवढे सांगितले की पुरते. एक सूचना मात्र द्यावी. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांना किंवा बाबांना तुम्ही म्हणतात, फ्रेंच घरांत आजी-आजोबांसकट सगळ्यांना साधारणपणे 'त्यू' म्हणतात. अनोळखी मोठ्या माणसाला आणि दुकानदाराला 'वू'.

लिंगाच्या बाबतीतही मराठी मूल तयारीचे असते, कारण खुर्ची ती आणि टेबल ते, हे त्याला नियम न शिकता येते. वस्तूंना लिंग असते हे त्याला पटवून द्यावे लागत नाही. अडचण एवढीच की फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपल्या पुस्तक, घर, दार, पाणी यांची वाटणी होते. पुस्तक पुल्लिंगी, बाकीची तिन्ही स्त्रीलिंगी. चंद्र तर स्त्रीलिंगी आहे, याचे चांदोबा म्हणणाऱ्या मुलांना मोठे नवल वाटते. कोणताही शब्द 'अँ' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'युन' (स्त्रीलिंगी 'एक') यांच्याशिवाय सुटा शिकवू नये. चित्रकार्डाच्या कोपऱ्यात पुल्लिंगासाठी एका आणि स्त्रीलिंगासाठी दुसऱ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि वर्षभर तेच रंग ठेवावेत. व्याकरणाचे नाव न घेता एवढे पुरे. मित्र हा शब्द एकटा असताना 'अँ-नामी' आणि अनेक असताना 'ले-जामी' असा ऐकू येतो, त्यामुळे मुले कधी 'नामी', कधी 'जामी' म्हणतात. काळजी करू नये. फ्रेंच बालकेही सुरुवातीला हेच करतात.

आकडे पहिल्या वर्षी वीसपर्यंत, तारखांसाठी पुढे एकतीसपर्यंत न्यावेत. सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार-वीस, हे ऐकून मोठी माणसे कपाळाला हात लावतात. पण आपल्या ग्रामीण भागातली जुनी माणसे 'चार विसा' म्हणूनच ऐंशी मोजत असत, आणि 'एकोणऐंशी' म्हणजे ऐंशीला एक कमी हे आपले मूल रोज वापरतेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'ला 'वीस सात' असा पर्याय दिल्यावर महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली होती. संख्यावाचनाची अशी गुंतागुंत घरचीच असलेल्या मुलांना 'कात्र-वँ', म्हणजे ऐंशी, घाबरवत नाही. चौथीत त्याला हात घालावा.

वाचन-लेखन केव्हा आणि कसे

तिसरीच्या दुसऱ्या सत्रात, मुलांच्या कानात शब्दांचा बऱ्यापैकी साठा झाल्यावर, अक्षरे दाखवायला सुरुवात करावी, आणि तेही फक्त तोंडात बसलेल्या शब्दांची. फ्रेंच लेखन पाहताना विचित्र वाटले तरी अक्षरांवरून उच्चार ओळखण्याचे नियम इंग्रजीपेक्षा बरेच सरळ आहेत. ओ-यू एकत्र आले की 'ऊ', ओ-आय म्हणजे 'वा', सी-एच म्हणजे 'श', ए-यू आणि ई-ए-यू म्हणजे 'ओ', जी-एन म्हणजे 'न्य'. आठवड्याला एकच जोडी घ्यावी, तिचे शब्द मुलांनीच आठवून सांगावेत आणि ती जोडी रंगीत खडूने दाखवावी. शब्दाच्या शेवटी न उच्चारली जाणारी अक्षरे फिक्या रंगात लिहावीत. लहान म्हणजे मुलासाठी 'पती' आणि मुलीसाठी 'पतीत' हे मुलांना आधीच माहीत असते. लिहिलेले पाहिल्यावर, मुलीच्या रूपात ऐकू येणारा त मुलाच्या रूपात मुका होऊन बसला आहे हे त्यांना आपण होऊन दिसते. लेखन चित्राखाली एक शब्द, नंतर एक वाक्य, आणि चौथीच्या अखेरीला एखादे शुभेच्छापत्र, एवढ्यावर थांबवावे.

सण आणि खाणे

१४ जुलैचा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन आपली शाळा सुरू झाल्यावर लवकरच येतो, त्या दिवशी ध्वजाच्या निमित्ताने निळा, पांढरा, लाल हे रंग घ्यावेत. जानेवारीत, ६ तारखेच्या सुमारास, 'गालेत' नावाचा केक कापतात आणि त्यात लपवलेली छोटी वस्तू ज्याला मिळेल तो राजा होतो. वर्गात ही वस्तू खाण्यात न घालता ताटलीखाली चिकटवावी, कारण लहान मुलांच्या घशात ती अडकू शकते. २ फेब्रुवारीला फ्रान्समध्ये 'क्रेप' करतात, आणि आपले घावन पाहिलेल्या मुलांना तो लगेच ओळखीचा वाटतो. मूळ पाककृतीत अंडे असते, म्हणून पालकांना आधी विचारावे किंवा बिनअंड्याचे करावेत. १ एप्रिलला फ्रेंच मुले एकमेकांच्या पाठीवर कागदाचे मासे चिकटवतात. शाळा चालू असेल तर हा दिवस अजिबात चुकवू नये.

पालक आणि मूल्यमापन

'वही कोरी कशी?' हा प्रश्न पहिल्याच पालकसभेत येतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर आधीच द्यावे. दर पंधरा दिवसांनी वर्गाच्या गटावर शिक्षकाच्या आवाजातला छोटा ध्वनिसंदेश पाठवावा, ज्यात त्या पंधरवड्यातली पाच-सहा वाक्ये असतील, आणि मुलाने ती घरच्यांना शिकवावीत असा गृहपाठ द्यावा. पालकांना फ्रेंच येत नसल्याने इथे मूल शिक्षक होते, आणि ते काम ते मनापासून करते. गुणांऐवजी नोंदवही ठेवावी. प्रत्येक तासिकेत चार-पाच मुलांकडे खास लक्ष देऊन, आज्ञा समजते का, स्वतःहून वाक्य बोलते का, एवढेच टिपावे.

काही पालक डेल्फ प्रिमविषयी विचारतील. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची ही प्रमाणपत्र परीक्षा प्राथमिक वयातल्या मुलांसाठी आहे आणि तिचे ए१.१, ए१ आणि ए२ असे तीन स्तर आहेत. ए१ स्तरावर ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० लागतात आणि प्रत्येक विभागात किमान ५. आठवड्याला दोन तासिका मिळणाऱ्या मुलाने चौथीपूर्वी या परीक्षेला बसू नये असे मी सुचवतो, कारण तयारीसाठी वाचन-लेखन पुढे ओढावे लागते आणि वर सांगितलेला क्रम मोडतो. ज्या मुलाला स्वतःला हौस आहे त्याला अवश्य बसू द्यावे.

वर्षअखेरीला, स्नेहसंमेलनाची धावपळ संपल्यावर, दोन पाने लिहून ठेवावीत: कोणती गाणी, कोणते खेळ, कोणत्या आज्ञा आणि कोणते शब्द या तुकडीच्या तोंडी आहेत, कोणते ध्वनी अजून अडतात आणि लिंगासाठी कोणते दोन रंग वापरले. शाळांमध्ये फ्रेंचचे शिक्षक वरचेवर बदलतात, आणि नवा शिक्षक पुन्हा 'बोंजूर'पासून सुरुवात करतो तेव्हा वर्षभर बोललेली मुले कंटाळून गप्प होतात. ही दोन पाने आणि चित्रकार्डांचा संच मुख्याध्यापकांच्या कपाटात नाव घालून ठेवावा, म्हणजे जूनमध्ये वर्ग जिथे थांबला तिथून पुढे सुरू करता येतो.